काट्यापासून ऐंशी मीटर

९ जानेवारी

ही वही माझी नाही. छातीच्या डॉक्टरांनी मामाला दिलेली आहे. पानापानावर छापील रकाने आहेत: तारीख, खोकला, धाप, झोप. मामाने पहिल्या दिवशी खोकल्याखाली ‘आहे’ लिहिलं, धापेखाली ‘आहे’ लिहिलं, झोपेखाली ‘नाही’ लिहिलं आणि वही माझ्या अंगावर टाकली. म्हणाला, “भिंगरे, घे. तुलाच कागद खराब करायची हौस.” म्हणून मी रकाने ओलांडून आडवं लिहितेय.

भिंगरी म्हणजे मी. पायाला भिंगरी लावलेली म्हणून. तेवीस वर्षांत पाच गावं, सात कामं आणि एक कोर्स, ज्याचा शेवटचा पेपर राहिला तो राहिलाच. मोबाइल दुरुस्ती अर्धी येते, कॅमेरे बसवणं पाऊण येतं, जत्रेतल्या पाळण्याची लायटिंग पूर्ण येते पण तिचा उपयोग नाही. आई गेल्यावर मामानेच वाढवलं, त्यामुळे कुठूनही हात हलवत परतले की त्याचंच दार. मामी म्हणते, “आली का स्वारी?” आणि ताट वाढते.

मूळ मुद्दा राहिला. मामा खडी फोडायच्या क्रशरवर वजनकाटा सांभाळतो. एकोणीस वर्षं. काटा म्हणजे अख्खा ट्रक वर चढेल असा लोखंडी पाट, आणि त्याला लागून केबिन. केबिनपासून क्रशर बारा पावलांवर. आज डॉक्टरांनी मामाला एका नळीत फुंकायला लावलं. शंभरात चव्वेचाळीस आले. डॉक्टर म्हणाले, “फुफ्फुसात दगडाची भुकटी बसलीय. बसलेली निघत नाही. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे. ते काम सोडा.”

मामा म्हणाला, “काटा सोडून मला दुसरं येतं काय? ह्या वयात मला कोण घेणार, वजन करून?”

डॉक्टर हसले नाहीत. मामी तर नाहीच.

११ जानेवारी

मालकाशी बोलणं झालं. मी मागे उभी होते. मालक वाईट माणूस नाही, फक्त बोलताना फोनकडे बघतो. गेटवर एक रिकामी केबिन आहे, तिकडे धूळ जवळपास नसते. तिथे बसून काटा चालव म्हणाला. अटी तीन. दुसरा कॉम्प्युटर मिळणार नाही. काट्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट लावायचं नाही. आणि काट्याच्या तारेला, यंत्राला हात नाही, कारण तिथे सरकारी सील आहे. आठ दिवस बघू. गेटवर गाड्या तुंबल्या तर परत जुन्या जागी.

म्हणजे कॉम्प्युटर राहणार जुन्या केबिनमध्ये आणि त्याचा कीबोर्ड, माउस, स्क्रीन, पावतीचा प्रिंटर, ड्रायव्हरच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचं यंत्र हे सगळं जाणार गेटवर. डोकं एकीकडे, हातपाय दुसरीकडे.

मामा मला म्हणाला, “होईल?”

मी म्हटलं, “होईल म्हणजे काय, झालंच समज.”

मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

मग मी पावलं टाकत अंतर मोजलं. अठ्ठेचाळिसाव्या पावलावर एक कुत्रं दिसलं. मूळचं काळं असावं, पण भुकटीने पिठात लोळल्यासारखं झालेलं. त्याला झटकलं तर आतून खरंच काळं निघालं. त्यात पावलांचा आकडा विसरले. परत पहिल्यापासून. ऐंशी मीटर.

१२ जानेवारी

ह्या तारांची भानगड अशी, की पाच मीटरच्या पुढे गेलं की कॉम्प्युटरला पलीकडचं काही ऐकू येईनासं होतं. मला वाटलं, पाच-पाचच्या सोळा जोडल्या की झालं. चौथ्या जोडाला माउसचा लाल दिवा मिणमिणला, पाचव्याला विझला.

पिवळ्या बघत होता. पिवळ्या म्हणजे पिवळ्या डंपरचा ड्रायव्हर. त्याचं खरं नाव पावतीवर असेल. म्हणाला, “काय काटेवाले, भाचीने कपडे वाळत घालायची दोरी बांधली का?”

मामा म्हणाला, “तुझेच घालणार आहे. आधी धुऊन आण.”

बोलून हसायला गेला आणि खोकला लागला. एवढा वेळ, की पिवळ्या खाली मान घालून गाडीत जाऊन बसला.

१६ जानेवारी

झालं! झालं झालं झालं!

परवा कॅमेरेवाल्याकडे गेले. ह्याच्याकडे मी आठ महिने काम केलं होतं आणि न सांगता सोडलं होतं. तरी त्याने माळ्यावरून दोन जोड्या डब्या काढून दिल्या. एक जोडी स्क्रीनसाठी, एक बाकीच्या वस्तूंसाठी. एक डबी कॉम्प्युटरला, दुसरी लांब, मधे नेटवर्कची साधी केबल. शंभर मीटरपर्यंत जातं म्हणाला. “फक्त लांबच्या दोन्ही डब्यांना स्वतःचा अडॅप्टर लागतो. माझ्याकडे एकच उरलाय. दुसरा कुठला तरी पाच व्होल्टचा बघ. आणि भिंगरे, ह्या वेळेस काम पुरं कर.”

दोन दिवस केबल टाकली. पाण्याचा जुना पाइप मिळाला, त्यातून ओढली, म्हणजे टायर गेला तरी तुटायची नाही. मामा मागून पाइप धरत होता आणि सूचना करत होता. आज दुपारी डब्या लावल्या. अडॅप्टर स्क्रीनच्या डबीला लावला, कारण त्याच्याशिवाय स्क्रीन काळीच राहत होती. दुसरी डबी बिनअडॅप्टरची लावून पाहिली. माउस हलवला, ऐंशी मीटरवरच्या कॉम्प्युटरमधला बाण इथे गेटवर हलला! कीबोर्ड चालला. अंगठ्याचं यंत्र जोडलं, पिवळ्याचा अंगठा घेतला, टर्र करून पावती बाहेर. अडॅप्टर मिळाला की लावू, नाहीतरी चालतंयच.

मामाने पावती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोरीने केलं बरं का.” पिवळ्याला म्हणाला. पिवळ्याने ते पाहिलेलंच होतं.

जाताना मी मामाला सांगून ठेवलं, कधी अडकलंच तर जुन्या केबिनमधली डबी काढायची आणि परत घालायची. पण अडकणार नाही.

२४ जानेवारी

आठ दिवस झाले. मालकाने विचारलं, मामाने सांगितलं, “मुंगीएवढा त्रास नाही.” मालक मान हलवून गेला. जागा पक्की झाली.

मी रोज संध्याकाळी विचारते, “अडकलं?” तो म्हणतो, “नाही.” कसलं भारी काम झालंय! कॅमेरेवाल्याला फोन करून सांगितलं. त्याने एका छापखान्याचं काम दिलं, तिथेही असंच वरच्या मजल्यावरून खालच्या यंत्रापर्यंत काहीतरी न्यायचंय. शेजारच्या शहरात आहे. परवा निघते. एका आठवड्याचं काम.

मामी नळाखाली मामाचे शर्ट धूत होती. मी म्हटलं, “आता तुझंही काम हलकं झालं असेल ना? भुकटी नाही काही नाही.” ती म्हणाली, “सरक जरा, पाणी उडेल.” तिसऱ्यांदा बादली भरत होती. मामीला स्वच्छतेचं वेडच आहे.

५ फेब्रुवारी

छापखान्याचं काम तीन दिवसांत झालं. मग तिथल्या जुळणीवाल्या आजोबांनी जुनी अक्षरं जुळवायची पेटी दाखवली, शिशाची अक्षरं, उलटी. दोन दिवस तेच बघत बसले. मग एका दवाखान्याचं काम निघालं. म्हणजे अजून इथेच.

मामाला दुपारी फोन केला. धापा टाकत होता.

“काय रे, पळत होतास काय?”

“चालत होतो जरा. डॉक्टर म्हणतात ना, चाला.”

“कामाच्या वेळेत?”

“मधे गाडी नसते तेव्हा. तेवढंच पाय मोकळे.”

मागे क्रशर धडधडत होता, मामाचा शब्द कळेना. मी म्हटलं, “गेटवर एवढा आवाज येतो?”

“वारा फिरलाय,” म्हणाला. मग, “तुझं कसं चाललंय?”

मी अर्धा तास सांगत बसले. शिशाच्या अक्षरांचंही सांगितलं. तो हूं हूं करत होता. बरं वाटलं. म्हणजे चालायलाही लागला स्वतःहून. हा माणूस नाक्यावर जायचं तरी ट्रकवाल्याला हात करायचा.

१४ फेब्रुवारी

परत आलेय. आज डॉक्टरांकडे नेलं मामाला. फुंकून झालं. छत्तीस.

डॉक्टरांनी परत फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा लावलं. छत्तीसच. एका महिन्यात आठ आकडे कसे उतरतील म्हणाले.

“धूळ बंद आहे ना?”

मामा म्हणाला, “बंद आहे.”

“पूर्ण?”

मग मी पुढे झाले. “डॉक्टर, मी स्वतः केबल टाकलीय. ऐंशी मीटर लांब बसतो तो आता. गेटपाशी. एकदासुद्धा जुन्या केबिनमध्ये जावं लागत नाही.” डब्यांचंही सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं. मामा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मामी मामाच्या बाहीकडे बघत होती. बाहीचं बटण तुटलंय बहुतेक.

डॉक्टर म्हणाले, “धूळ थांबूनही उतरतंय म्हणजे आजार आपल्या पायाने पळतोय. मग जोराच्या गोळ्या द्याव्या लागतील. त्यांचा त्रास होतो, पण इलाज नाही.”

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, “किती बोलतेस गं तू.” रागाने नाही. दमून.

मला कळत नाही. सगळं बरोबर केलं, तरी असं का व्हावं?

२१ फेब्रुवारी

गोळ्यांनी मामाचा चेहरा सुजलाय. गाल वर आलेत, डोळे आत गेलेत. सारखी भूक लागते, खाल्लं की छाती भरते. झोप नाही. हात थरथरतात. तरी सकाळी डबा घेऊन निघतो.

मी म्हटलं, “आजच्या दिवस राहा. मी बसते गेटवर.”

एकदम वसकन अंगावर आला. “तू नको! तिकडे यायचं नाही. तुझं तू बघ.” असा तो माझ्याशी आयुष्यात बोलला नाही. मामी म्हणाली, गोळ्यांचा परिणाम.

मला ह्या घरात बसवत नाही. आजारी माणसाच्या घराला एक वास असतो. औषधाचा नाही, बंद खिडकीचा. मी गल्लीच्या टोकाशी जाऊन एका माणसाला कुलपं दुरुस्त करताना दोन तास बघत उभी राहिले.

१ मार्च

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहायचं ठरवलंय. मधे काही घुसवणार नाही.

मामा गोळी विसरून गेला. मामीने मला हाकललं, देऊन ये म्हणून. दीड महिन्याने क्रशरवर गेले.

गेटवरची केबिन रिकामी. स्क्रीन चालू, मामा नाही. दारात पिवळ्याचा डंपर उभा, मागे आणखी दोन गाड्या. अंगठ्याच्या यंत्राचा दिवा बंद. माउस हलवला, बाण हलला नाही.

मी बाहेर आले आणि माझ्या पाइपकडे पाहिलं. पाइपच्या कडेने पायवाट पडली होती.

आम्ही केबल टाकली तेव्हा तिथे नुसती भुकटी होती, पाय घातला की घोट्यापर्यंत जाईल अशी. आता त्यात एक पट्टा दाबून घट्ट झाला होता. एका माणसाच्या रुंदीचा. गेटपासून जुन्या केबिनपर्यंत, पाइप जिथे वळला तिथे वळलेला.

पिवळ्या खिडकीतून वाकला. म्हणाला, “डबी काढायला गेलेत.”

“कितव्यांदा?”

“आज? पाचव्यांदा असेल. चार-पाच अंगठे झाले की बसतं ते. रोज पंधरा-वीस तरी फेऱ्या होतात. तुला ठाऊक नाही?”

“मग तुम्ही कोणी का जात नाही?” मी ओरडलेच.

“मी किती वेळा म्हटलं, किल्ली द्या, मी जातो. काटेवाल्याने किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते म्हणाले. सील आहे ना. आणि म्हणाले, मालकाला बोलू नकोस, भाचीचं काम आहे.”

मामा तिकडून येत होता. तोंडाला पंचा बांधलेला. दहा पावलं यायचा, गुडघ्यांवर हात टेकून थांबायचा, परत दहा पावलं. त्याच्या मागे क्रशर ओकत होता. मी पळत गेले नाही. मी उभी राहून बघत होते. त्याने मान वर केली, मला पाहिलं, आणि काय केलं असेल? चाल सुधारली. ताठ झाला आणि पंचा सोडून खिशात कोंबला.

“गोळी राहिली वाटतं,” म्हणाला.

मी गेटवरची डबी हातात घेतली. गरमसुद्धा नव्हती. अडॅप्टरचं भोक तसंच रिकामं. अंगठ्याचं यंत्र दिवा पेटवायला वीज मागतं, ती ऐंशी मीटरवरून येता येता दमते, मग डबी मान टाकते आणि सोबत सगळ्यांना घेऊन बसते. मला हे माहीत होतं. कॅमेरेवाल्याने सांगितलं होतं. माझ्या पिशवीत, माझ्या स्वतःच्या पिशवीत, पाच व्होल्टचे तीन चार्जर आहेत. एकाची पिन बसली. दिवा लागला. पिवळ्याने अंगठा दिला, मागच्याने दिला, त्याच्या मागच्याने दिला, मी पिवळ्याला उतरवून वीस वेळा अंगठा द्यायला लावला. काही अडकलं नाही.

सात मिनिटं लागली.

२ मार्च

मामाला विचारलं, का सांगितलं नाहीस. तो खुर्चीत बसला होता, मामी बाजारात.

“मालकाला कळलं असतं तर परत बसवलं असतं तिकडेच,” म्हणाला. “ह्यात निदान मधला वेळ तरी गेटवर जात होता.”

“मालकाला नको. मला का नाही?”

“तू खुशीत होतीस.”

“म्हणून?”

“म्हणून काय म्हणून? रोज संध्याकाळी येऊन विचारायचीस, अडकलं का, अडकलं का. तोंड बघायचं होतंस स्वतःचं. मग तू तिकडे गेलीस. फोनवर काय सांगणार? मला वाटलं, येशील तेव्हा सांगू. मग डॉक्टरांसमोर तू ते सगळं बोललीस. त्याच्यानंतर कसं सांगायचं?” मधे तीनदा श्वास घ्यायला थांबला. मग म्हणाला, “झालं ना आता दुरुस्त? विषय संपला.”

“डॉक्टरांना सांगायला हवं. त्या गोळ्या उगाच चालू आहेत.”

“काही सांगायचं नाही. काम सोडा म्हणतील. आता कुठे नीट चालायला लागलंय.”

मी हो म्हटलं.

८ मार्च

सकाळी पिशवी भरून बसस्टँडवर गेले. कुठली बस ते ठरवलं नव्हतं. फलाटावर एक बाई तिकिटाच्या खिडकीशी भांडत होती ते ऐकत बसले, एक गाडी गेली. मग दुसरी लागली, ती धुण्यासाठी मागे नेली. दुपार झाली. भूक लागली. घरी आले.

मामीने ताट वाढलं. पिशवीकडे पाहिलं.

लिहायला लाज वाटते, पण मी शहाणपण सुचून परतले नाही. मला नुसती भूक लागली होती.

१३ मार्च

डॉक्टरांनी आज फुंकायच्या आधी चालायला लावलं. दवाखान्याचा लांब बोळ आहे, तिथे फरशीवर चुन्याच्या खुणा आहेत. सहा मिनिटांत किती जाता येतं ते बघायचं. नर्सबाई बोटाला चिमटा लावून बाजूने चालली, मी मागून चाकांची खुर्ची ढकलत. मामी खाली औषधांच्या रांगेत होती.

मामा निघाला तो ऐटीत. नर्सबाईला म्हणाला, “शर्यत लावायची का?” दुसऱ्या खुणेला बोलणं थांबलं. चौथ्या खुणेला भिंतीला हात लावला. मला अंतर बघून कळतं आता, तेवढंच एक नीट शिकलेय. बासष्ट मीटरवर तो खुर्चीत बसला, म्हणजे मीच खुर्ची खाली सरकवली. चार मिनिटं शिल्लक होती. ओठ जांभळे झाले होते.

डॉक्टर लिहीत होते. म्हणाले, “गोळ्यांचाही उपयोग दिसत नाही. अजून वाढवून बघू.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. बोलू नकोस असं.

मी म्हटलं, “डॉक्टर, धूळ बंद नव्हती.”

एकदा तोंड उघडल्यावर सगळंच आलं. अडॅप्टर, अंगठे, पंधरा-वीस फेऱ्या, किल्ली. जाऊन येऊन रोजचे अडीच-तीन किलोमीटर, भुकटीतून, छाती फुगवून श्वास घेत. बसून राहिला असता तर एवढी आत गेली नसती. हे शेवटचं मी नाही म्हटलं, डॉक्टर म्हणाले. मग पेन ठेवलं.

“म्हणजे आजार पळत नव्हता. आपणच ढकलत होतो. आणि मी महिनाभर नको त्या गोळ्या दिल्या.”

मी विचारलं, “आता?”

“गोळ्या एकदम बंद करता येणार नाहीत, पायरीपायरीने उतरवू. गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकेल का ते बघायचं. घरी ऑक्सिजन लागेल. आणि काम बंद. गेटवरचंही. आजपासून.”

मामाने टोपी उचलली आणि स्वतःच उठायला गेला. उठता आलं नाही. मी हात दिला तो घेतला नाही, नर्सबाईचा घेतला.

१४ मार्च

बोलत नाही माझ्याशी.

मालकाकडे गेले. मालक म्हणाला, नवा माणूस बघतो, जुन्याच केबिनमध्ये बसेल. “तरुण असला की सोसते धूळ. तुझी ती वायरबियर कोण सांभाळत बसणार?” मी म्हटलं, “मी बसते. गेटवरून. अडकलं तर मला काढा.” त्याने पहिल्यांदा फोन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. “तू किती दिवस टिकशील?” म्हणाला. खरं तर ह्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, उद्यापासून येते.

१९ मार्च

तीनशे अठरा गाड्या चार दिवसांत. काही अडकलं नाही. वाऱ्याने पायवाट बुजत चाललीय. केबिनमध्ये बसून बसून पाठ दुखते. खिडकीतून एक पतंगासारखं काहीतरी तारेला अडकलेलं दिसतं, ते बघायला उठले होते, पण समोर गाडी आली.

मामा मामीला खुणेने सांगतो. मला खुणाही नाहीत.

२४ मार्च

संध्याकाळी आले, हातपाय धुतले. मामा दोन उशांना टेकून बसला होता, नाकात नळी, कोपऱ्यात यंत्र घुरघुरत होतं. मी नेहमीसारखी पाण्याचा तांब्या ठेवून निघणार, तेवढ्यात बोलला. अकरा दिवसांनी.

“पिवळ्या गाडी... पुढे घेऊन थांबतो का?”

मी म्हटलं, “कुठे?”

“काट्यावर. पुढचं चाक... पाटाच्या बाहेर असतं. वजन कमी दाखवतं. मुद्दाम नाही करत. त्याला... घाई असते. हाक मारायची, मागे घे म्हणून.”

“बरं.”

“गेटवरून दिसतं ना?”

“दिसतं. खिडकीची काच पुसली मी.”

त्याने मान हलवली. मी खाटेच्या कडेला बसले. सांगण्यासारखं खूप होतं, ते कुत्रं आता गेटपाशी येऊन बसतं वगैरे. पण तो काहीतरी बोलायला श्वास गोळा करत होता.

“तू ते डॉक्टरला...” म्हणाला आणि संपला श्वास. मी मधेच म्हणायला गेले, मामा, माझं चुकलं. त्याने हात वर केला. थांब. मी थांबले. छाती वर जायची, खाली यायची, परत वर. यंत्र घुरघुरत होतं. एवढा वेळ मी कोणाच्या वाक्यासाठी कधी थांबले नव्हते.

“...डॉक्टरला सांगितलंस ते,” म्हणाला, “मामीला सांगू नकोस. तिला वाटतं, मी ते दोन महिने... गेटवर सुखात बसलो होतो. तेवढं राहू दे तिच्यापाशी.”

मामी दारात उभी होती. हातात पेला. मामाचं तोंड खिडकीकडे होतं, त्याला दिसली नाही. मला दिसली. ती दोन पावलं मागे गेली, आत कुठेतरी एक भांडं उगाच आपटलं, आणि चपला फरफटवत परत आली.

“काय गुजगोष्टी चालल्यात मामा-भाचीच्या?”

“काट्याचं बोलतोय,” मामा म्हणाला.

“हो का. मला बाई त्यातलं काय कळतंय,” मामी म्हणाली. तिने पेला त्याच्या ओठांशी धरला आणि पाणी संपेपर्यंत भिंतीकडे बघत राहिली.